सालस पापण्या

कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीत धान्याचे दुकान असलेल्या चौगुल्यांची थोरली सून रुचिता हनुवटी वर करून बोलते, अशी तक्रार अलीकडे गल्लीत वाढली होती. भाजी घेताना मान मागे, मंदिराच्या पायऱ्यांवर बायकांशी बोलताना मान मागे, आणि कपाळाला सदा आठ्या. "दुकान वाढलं तसं हिचं नाकबी वर गेलं," असे शेजारच्या शालूबाई म्हणत. तोंडावर कोणी म्हणत नसे. पण आपल्याकडे तोंडावर न म्हटलेली गोष्ट ज्याची त्याला सगळ्यात आधी पोचते.

घरात मात्र रुचिताची ख्याती अगदी उलटी होती. सासूबाई अक्काताई आल्यागेल्याला सांगत, "आमच्या थोरलीला बघायला गेल्तो तवा पोरीनं एकदाबी नजर वर केली न्हाई. तिथंच आमच्या ह्यांनी ठरवलं, सून हीच." अक्काताईंचे यजमान आता नव्हते, पण त्यांचा तो निर्णय घरात अजून अभिमानाने सांगितला जाई.

वाचकहो, या दोन्ही गोष्टींचे कारण एकच होते. रुचिताच्या दोन्ही डोळ्यांच्या वरच्या पापण्या जन्मापासून थोड्या उतरलेल्या होत्या. तरुणपणी डोळे अर्धे मिटलेले दिसत, म्हणून ती लाजरी ठरली. वय वाढले तशा पापण्या आणखी खाली आल्या आणि बुबुळावर झापड पडल्यासारखे झाले. मग समोरचे दिसावे म्हणून तिला मान मागे टाकावी लागे, भुवया कपाळाकडे ओढून धराव्या लागत. तेव्हा ती शिष्ट ठरली. ज्या पापण्यांनी तिला सालस केले होते त्यांनीच तिला गर्विष्ठ केले, आणि दोन्ही वेळा निकाल देणारे दुसरेच होते.

तिला स्वतःलाही यात काही दुखणे आहे असे वाटत नसे. दिवस कलला की कपाळ ठणके, मान अवघडून जाई. जैन घर, सूर्यास्ताच्या आत जेवणे उरकायची घाई असायची, त्यात डोके दुखतेय हे सांगायला वेळ कुठला? "माझे डोळेच तसे आहेत," असे ती म्हणे. लहानपणापासून जे असेच असते त्याला माणूस आजार म्हणत नाही, स्वभाव म्हणतो.

गळिताचा हंगाम सुरू झाला होता. एका दुपारी रुचिता मुलीला, आदितीला, मागे बसवून स्कूटरवरून उचगावला मैत्रिणीकडे निघाली होती. पुढे उसाची ट्रॉली होती. ती किती भरलेली असते आणि मागून ऊस कसा लोंबत असतो, हे कोल्हापूरकरांना सांगायला नको. ट्रॉलीची चाके रुचिताला दिसत होती. ती हळू झाली हेही दिसले. पण डोक्याच्या उंचीवर पुढे आलेले उसाचे शेंडे तिच्या पापण्यांच्या वर होते. म्हणजे तिच्यासाठी ते नव्हतेच.

"आई, ऊस!" आदिती ओरडली.

तोवर कांड्या हेल्मेटवर आपटल्या होत्या. स्कूटर आडवी झाली. रुचिताचे गुडघे सोलवटले आणि आदितीचे मनगट मोडले. लोक धावत आले, कोणी पाणी दिले. ट्रॉलीवाल्याला पत्ताही नव्हता, तो पुढे निघून गेला होता.

दवाखान्यातून हाताला प्लॅस्टर घालून परत येताना आदिती रिक्षात आईला टेकून बसली होती. मग तिने विचारले, "आई, तुला तो दिसला कसा नाही गं? एवढा समोर तर लोंबत होता."

पोरीच्या हाताला आपण जबाबदार आहोत, एवढेच तिच्या मनात घट्ट बसले. दुसऱ्या दिवशी कोणाला न सांगता ती राजारामपुरीत डोळ्यांच्या डॉक्टरीण बाईंकडे गेली.

डॉक्टर निशिगंधा पन्हाळ्याकडच्या. बोलणे रोखठोक, पण हात हलका. त्यांनी पापणी मोजली, कडेचे आणि वरचे कितपत दिसते ते यंत्रावर तपासले, आणि खूप प्रश्न विचारले. एकाच्या दोन वस्तू दिसतात का, गिळायला त्रास होतो का, सकाळी पापण्या ठीक आणि संध्याकाळी फार उतरलेल्या असे होते का.

"संध्याकाळी थकल्यावर थोडा फरक पडतो," रुचिता म्हणाली. "पण सकाळीही अशाच असतात."

"तरी रक्ताची एक तपासणी करून घेऊ. काही जणांच्या पापण्या वेगळ्याच आजारानं उतरतात. त्यांना गोळ्या लागतात, ऑपरेशन नाही. ते आधी बघायला हवं. तुमचे जुने फोटो आहेत?"

रुचिताने मोबाइलमधला लग्नाचा फोटो दाखवला. मुंडावळ्या, हिरवा चुडा आणि अर्धे मिटलेले डोळे. "फोटोग्राफरनं हा फोटो मोठा करून दुकानाच्या काचेत लावला होता," ती म्हणाली. "लाजरी नवरी म्हणून."

डॉक्टर हसल्या नाहीत. "याला लाज म्हणत नाहीत. पापणी उचलणारा स्नायू जन्मापासून दुबळा आहे. वयानं आणखी ताणला गेला."

मग त्यांनी चिकटपट्टीचे दोन बारीक तुकडे कापले आणि रुचिताच्या पापण्या हलकेच वर उचलून चिकटवल्या. "आता मान मागे टाकू नका. भुवया सोडून द्या. नुसतं समोर बघा."

रुचिताने समोर बघितले. डॉक्टरांचा चेहरा दिसला. चेहऱ्याच्या वर घड्याळ दिसले, घड्याळाच्या वर खिडकीची झडप आणि तिच्या वर छताला लागून गेलेली वायर. मान हलवावी लागली नाही. कपाळ ओढावे लागले नाही.

"एवढं सगळं असतं?" तिने विचारले.

तिच्या डोळ्यांतून पाणी येऊ लागले. पट्टीमुळे पापण्या मिटत नव्हत्या, म्हणून ते तसेच वाहत राहिले.

डॉक्टरांनी तिला नीट समजावले. रक्ताचा अहवाल ठीक आला तर पापणीच्या स्नायूवर ऑपरेशन करता येईल. जागा बधिर करून करतात. नंतर काही आठवडे झोपेत डोळे पूर्ण मिटणार नाहीत, थेंब आणि मलम घालावे लागेल. दोन्ही पापण्या तंतोतंत सारख्या होतीलच असे नाही, क्वचित पुन्हा थोडी दुरुस्ती लागते. "आणि सुंदर दिसाल, असं वचन मी देत नाही," त्या म्हणाल्या.

"मला चांगलं दिसायचं नाहीय, डॉक्टर. मला बघायचंय."

पट्ट्या कशा लावायच्या तेही त्यांनी शिकवले. मात्र थोडाच वेळ लावायच्या, नाहीतर डोळे कोरडे पडतात.

अहवाल ठीक आला. तेव्हा रुचिताने घरात विषय काढला. अक्काताई तांदूळ निवडत बसल्या होत्या, नवरा जिनेश दुकानातून जेवायला आला होता.

"डोळ्याला सुरी लावणार?" अक्काताईंचा हात सुपात थांबला. "ही सिनेमातल्या बायकांची थेरं. आपल्याला कशाला पायजेत?"

"आदितीचा हात मोडला, आत्याबाई," रुचिता सासूला म्हणाली.

"तो उसाच्या ट्रॉलीनं मोडला. ट्रॉलीवाल्याला जाऊन इचार."

"ट्रॉली सगळ्यांना दिसते. मला दिसली नाही."

"मग स्कूटर नको चालवू. आम्ही कुठं चालवली? आमचं काय आडलं?" अक्काताई जिनेशकडे वळल्या. "आरं, धाकट्या चिरागचं जमायचंय. येत्या रविवारी गडहिंग्लजला पोरगी बघायला निघालोय आपण. डोळं बांधलेली थोरली जाऊ बघून पावणं काय म्हणतील? आणि उद्या आदितीला इचारतील, ह्यो दोष रक्तातनं आलाय काय म्हणून. ते सांगायला तू जाणार हाईस काय?"

जिनेश वाईट माणूस नव्हता. पण दुकानात गिऱ्हाईक आणि घरात आई, दोघांनाही नाही म्हणायची त्याला सवय नव्हती. "आईचं सगळंच बरोबर आहे असं नाही," तो म्हणाला. "पण चिरागचं होऊ दे. मग शांतपणे बघू."

"बघायला डोळे उघडे लागतात," रुचिता म्हणाली. "मी तारीख घेतली आहे. रविवारनंतरचा गुरुवार. मी विचारायला आले नव्हते, सांगायला आले होते."

घरात असे वाक्य कोणी बोलले नव्हते. अक्काताईंनी सूप बाजूला ठेवले.

"आणि गडहिंग्लजला? थोरली सून न्हेल्याशिवाय जमत न्हाई तिथं."

"येते की. पट्ट्या लावून येते."

रविवारी ती खरोखरच तशी निघाली. जरीकाठी साडी, गळ्यात मोहनमाळ आणि दोन्ही पापण्यांवर चिकटपट्टीचे कातडीच्या रंगाचे तुकडे. गाडीत चिराग पुढे बसला होता. त्याने आरशातून बघितले आणि म्हणाला, "वहिनी, एकदम टकामका दिसतंय तुमचं."

"दिसतंय तुला. बघतेय मी."

अक्काताई खिडकीबाहेर तोंड करून बसल्या.

मुलीचे घर गडहिंग्लजच्या बाजारपेठेत, दुकानाच्या वरच्या मजल्यावर होते. मुलगी स्वप्नाली, औषधनिर्माणशास्त्राची पदवी घेतलेली. वडील बाळासो भांड्यांचे व्यापारी. आणि घरातले सगळ्यात मोठे माणूस म्हणजे बाळासोंची आई. कर्नाटकाच्या सीमेवरच्या घरांतल्या रीतीने तिला सगळे अव्वा म्हणत. ती दाराजवळ पाटावर बसली होती, गुडघा पोटाशी घेऊन. आलेल्या प्रत्येकाला ती पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळत होती. रुचिताच्या पापण्यांपाशी ती थबकली.

शिऱ्याच्या बशा घेऊन स्वप्नाली आली. पदर सावरत, पायांच्या अंगठ्याकडे बघत. बशी देताना तिने चिरागच्या हाताकडे बघितले असेल, तेवढेच. मग सतरंजीच्या कडेला बसली आणि सतरंजीचे दोरे मोजू लागली.

अक्काताईंचा चेहरा खुलला. "नजर कशी खाली हाय बघा," त्या बाळासोंना म्हणाल्या. "आजकाल अशी पोरगी सापडत न्हाई. आमच्या थोरलीला बघायला गेल्तो तवा ही पण अशीच. एकदाबी वर बघितलं न्हाई. तिथंच पसंत केली आम्ही."

सगळ्यांनी रुचिताकडे बघितले. बहुधा ती आता लाजेल आणि मान खाली घालेल, अशी अपेक्षा असावी. कित्येक वर्षे ती हे वाक्य ऐकत आली होती आणि प्रत्येक वेळी गप्प बसली होती. पण आज समोर एक मुलगी सतरंजीचे दोरे मोजत होती, आणि तिच्या त्या मोजण्याला रुचिताचा दाखला दिला जात होता.

"आत्याबाई," रुचिता म्हणाली, "मी वर बघितलं नाही कारण मला वर बघता येत नव्हतं."

बाळासोंनी बशी खाली ठेवली.

रुचिताने उजव्या डोळ्याची पट्टी सोडवली. पापणी सुटली आणि डोळ्यावर येऊन पडली, अर्धे बुबुळ झाकून. डावा डोळा उघडा, उजवा अर्धा. तिने तसाच चेहरा सगळ्यांपुढे धरला.

"ही बघा माझी लाज. डॉक्टर हिला दुबळा स्नायू म्हणतात. हिच्या जोरावर मी चौगुल्यांच्या घरात आले. माझं शिक्षण कोणी विचारलं नाही, माझ्या मनात काय होतं ते कोणी विचारलं नाही. परवा हिच्यामुळेच माझ्या मुलीचा हात मोडला. गुरुवारी ऑपरेशन आहे." मग ती स्वप्नालीकडे वळली. "तुझे डोळे चांगले आहेत ना?"

स्वप्नालीने होकारार्थी मान डोलावली.

"मग वर बघ. ज्याच्याबरोबर जन्म काढायचा तो समोर बसलाय. आत्ताच नीट बघून घे."

स्वप्नालीने आधी वडिलांकडे बघितले, मग अव्वाकडे. अव्वाने हनुवटीने खूण केली. तेव्हा तिने चिरागकडे बघितले. थेट आणि बराच वेळ, औषधाच्या बाटलीवरची तारीख तपासावी तसे.

"फोटोत केस जास्त होते," ती म्हणाली.

चिराग कानापर्यंत लाल झाला आणि त्याने मान खाली घातली.

"अगाई," अव्वा म्हणाली, "आता ह्येची नजर खाली गेली. लई सालस पोरगं हाय."

बाळासोंना हसू आवरेना. चिरागही हसला. हसल्या नाहीत त्या फक्त अक्काताई. त्या ताठ बसून होत्या. "घरातलं घरात ठेवायचं असतंय," त्या हळू पण धारदार आवाजात म्हणाल्या. "चार पावण्यांत सासूची शोभा केलीस. नजर खाली ठेवण्यात काय वाईट हाय? आपल्या मंदिरात भगवंताची मूर्ती बघ. त्यांची नजरबी खालीच असती."

"ते ध्यानाला बसलेत, आत्याबाई. मला रस्ता ओलांडायचाय."

अक्काताईंनी तोंड उघडले, पण त्यांच्या आधी अव्वा बोलली. "पावणं, रागावू नगा. मी दोन शब्द बोलतो. आपलं मुनी महाराज रस्त्यानं चालत्यात, ते खाली बघून चालत्यात. व्हय का न्हाई?"

"व्हय."

"कशापायी?"

"पायाखाली जीव यिऊ नये म्हणून."

"हां. म्हंजे दिसावं म्हणून खाली बघत्यात. मुंगीसुदिक दिसावी म्हणून. आणि आपण पोरींना खाली बघायला लावतो ते कशापायी? तिला माणूस दिसू नये म्हणून. नवरा कसा हाय दिसू नये, सासरा कसा हाय दिसू नये, आपल्यावर काय चाललंय ते दिसू नये. मला सांगा, ह्येच्यात धर्म कुठं हाय? धर्म बघा म्हणतोय आणि आपण बघू नका म्हणतोय." अव्वाने गुडघा बदलला. "तुमच्या सुनेचं काय चुकलं? तिचं डोळं दुखणाईत हुतं. आपलं धड असून आपण मिटलं."

बाळासोंनी वेलदोडा पुढे केला आणि "कळवतो," असे म्हणाले. मुलीकडच्यांनी 'कळवतो' म्हणण्याचा अर्थ लग्नाच्या वयाची मुले असलेल्या प्रत्येक घराला माहीत असतो. खाली उतरताना जिनेशच्या चेहऱ्यावर तो अर्थ स्पष्ट दिसत होता.

परतीच्या वाटेवर निपाणी मागे पडली. मग जिनेशला राहवले नाही. "काय गरज होती, रुचिता? लोकांच्या घरात. जमत आलेलं मोडलं ते मोडलं, वर आईला..."

"मोडलं असेल तर ते माझ्या पापणीनं मोडलं असं सांग सगळ्यांना," रुचिता म्हणाली. "माझं जमलं होतं ते पण तिनंच."

"तरी पण..."

"गप रे तू," मागच्या सीटवरून अक्काताई म्हणाल्या. "गाडी बाजूला घे. दिवस मावळायच्या आत खाऊन घ्यायचं."

कागलच्या अलीकडे एका झाडाखाली त्यांनी गाडी थांबवली. डबे उघडले. रुचिताने डावी पट्टीही काढून टाकली होती, तिचे डोळे चुरचुरत होते. मान मागे टाकून ती दशम्या वाढत होती. अक्काताई तिच्याकडे बघत राहिल्या. घास हातातच होता.

"माझ्या सासऱ्यांच्या समोर मी डोईवरचा पदर कधी मागं सारला न्हाई," त्या एकाएकी म्हणाल्या. कोणाला उद्देशून ते कळत नव्हते. "ताट वाढायचं ते त्यांच्या हाताकडं बघून. पाणी द्यायचं ते पायाकडं बघून. आवाज वळखीचा, चाल वळखीची. तोंड ठाऊक न्हाई. ते गेलं तवा सोप्यात ठेवलंतं. बायकांत बसून मी पहिल्यांदा त्यांचं तोंड नीट बघितलो. कपाळावर एक जुना व्रण हुता. एका घरात इतकी वर्सं राहिलो, आणि मला त्यो व्रण ठाऊक न्हवता."

चिरागने पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढे सरकवला.

"लोकं म्हणतात लई भला माणूस हुता," अक्काताई म्हणाल्या. "असंल. मला काय म्हाईत?"

त्यांनी घास तोंडात घातला, सावकाश चावला आणि रुचिताला विचारले, "गुरवारी किती वाजता जायाचं?"

"सकाळी. उपाशी नको म्हणाल्यात डॉक्टर, हलकं खाऊन या म्हणाल्यात."

"मी येतो संगं. ह्येला दुकान हाय."

"दुकान बंद ठेवतो," जिनेश म्हणाला. त्याला स्वतःलाच आपल्या आवाजाचे नवल वाटले असावे. सणासुदीलाही तो दुकान बंद ठेवत नसे.

गुरुवारी ऑपरेशन झाले. रुचिता टेबलावर जागी होती. टाके आवळण्याआधी डॉक्टरांनी तिला उठवून बसवले, डोळे उघडायला सांगितले, समोर बघा, खाली बघा, आता वर बघा. पापणी किती उचलली जाते ते बघून त्या दोरा कमीजास्त करत होत्या. "आणखी वर," डॉक्टर म्हणत होत्या, "भिऊ नका, बघा वर." आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी तिला हे सांगत होते, तेही पुन्हा पुन्हा.

बाहेर बाकावर अक्काताई आणि जिनेश बसले होते. शालूबाईंचे मोतीबिंदूचे कायसे काम तिथेच होते. त्या अक्काताईंना बघून जवळ आल्या.

"काय ओ अक्काताई, सुनेनं डोळं मोठं करून घेतलं म्हनं? ह्या वयात? हौस तरी केवढी."

जिनेशने आईकडे बघितले. अक्काताईंनी पदर सावरला.

"शालूबाई, आमच्या दुकानाचं शटर अर्ध्यावर अडकलं तर आम्ही ते वर करून घेतो. त्येला कोण हौस म्हणत न्हाई."

"तसं न्हवं ओ, मी आपलं..."

"आणि ती मान वर करून बोलायची न्हाई का, तुम्ही गल्लीभर सांगत हुता ते? ते तुमचंच तोंड दिसावं म्हणून करायची. आता तेवढी मेहनत करणार न्हाई. तुमचा नंबर आला बघा, जावा."

शालूबाई गेल्या. अक्काताईंचा श्वास जरा फुलला होता. जिनेश त्यांच्याकडे बघतच राहिला, तेवढ्यात त्याचा फोन वाजला. गडहिंग्लजहून होता. त्याने तो आईकडे दिला.

पलीकडे अव्वा होती. तिचा आवाज इतका खणखणीत की अख्ख्या बाकाला ऐकू येत होता. "पोरीला पोरगं पसंत हाय, पावणं. केसांचं ती चालवून घेतो म्हणती. पर एक गोष्ट आधी सांगून ठेवतो. आमची पोरगी आता खाली बघणार न्हाई. त्या दिवसापासनं ती घरात सगळ्यांच्या डोळ्यांत बघून बोलाय लागलीया, बापाच्या सुदिक. तुम्हाला चालत असंल तर बोला."

अक्काताईंनी समोर बघितले. ऑपरेशनच्या खोलीचे दार अजून बंद होते.

"बघू दे की," त्या म्हणाल्या. "आमच्या घरात बघण्यासारखं लई हाय. बघायचं राहून गेलंय सगळ्यांचं."

पुढचे थोडक्यात सांगायचे तर रुचिताच्या पापण्या बरेच दिवस सुजलेल्या होत्या. झोपेत डोळे थोडे उघडे राहत, तेव्हा अक्काताई मलम घालत आणि "मेल्या माशासारखी दिसतीस," असे बजावत. सूज उतरली तरी डावी पापणी उजवीपेक्षा किंचित वर राहिली. डॉक्टरांनी विचारले, थोडी दुरुस्ती करायची का? रुचिता नको म्हणाली. सरळ दिसत होते, मान दुखत नव्हती, कपाळ मोकळे झाले होते. ती सुंदर दिसू लागली का, हे कोणी तिला विचारू नये आणि आपणही विचारू नये.

बंधुभगिनींनो, पापणी उतरणे हे शरीराचे दुखणे आहे. लहान मुलात असो की म्हाताऱ्या माणसात, त्याला वेळीच डॉक्टरकडे न्यावे. त्यावर इलाज आहे, आणि तो मागणे म्हणजे नटणे नव्हे. पण याहून जुने दुखणे आपल्या घराघरांत आहे. धडधाकट डोळ्यांच्या मुलींना आपण खाली बघायला शिकवतो आणि त्या शिकल्या की त्यांना गुणी म्हणतो. एखाद्या मुलीची नजर खाली दिसली तर तिच्या नम्रतेचे कौतुक करू नका, आधी तिचे डोळे तपासून घ्या. आणि डॉक्टरांनी डोळे चांगले आहेत असे सांगितले, तर मग तिला सांगा, वर बघ. तिने तुमच्याकडे रोखून बघितले तर दचकू नका. आपल्यात काय दिसण्यासारखे आहे याची काळजी मग आपणच घ्यायची आहे.